कपाटातली घरघर

ताई : थांब. दुरुस्त केलेला स्पीकर नंतर ने. आधी ते गाणं परत लाव.

गायक : अगं ताई, तीनदा ऐकलंस! आवडलं असेल तर तसं सांग ना, लाजतेस कशाला?

ताई : गिटार कुणी वाजवलीय?

गायक : कुणी म्हणजे? आमच्या नव्या गिटारवाल्यानं. तुझ्या भावानं, बारक्यानं बँड सोडल्यापासून तोच वाजवतो की.

ताई : त्या नव्याचा अ‍ॅम्प मागच्या आठवड्यात याच टेबलावर उघडा पडला होता. मी त्याला विचारलं, बाबा, पडसाद काढणारी ती डिलेची डबी कुठे जोडतोस? म्हणाला, मागे, लूपच्या भोकात.

गायक : बरं मग?

ताई : मग हा शेवटचा सूर ऐक. एक... दोन... तीन... चार. पडसाद कमी होतायत का?

गायक : मला काय कळतंय त्यातलं? मी आपला गळ्यानं गाणारा माणूस.

ताई : डबी मागे जोडली की अ‍ॅम्प आधी सूर फाडतो, मग त्याचे पडसाद निघतात. ते पायऱ्या उतरल्यासारखे लांब जातात. डबी पुढे लावली, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये, की पडसाद आधी होतात आणि सगळेच्या सगळे फाटायला आत शिरतात. अ‍ॅम्प त्यांना दाबून एका उंचीचे करून टाकतो. हे चारही तसेच आहेत. दमतच नाहीत मेले. इथे डबी पुढे आहे.

गायक : असेल. लावली असेल एखाद्या दिवशी उलटी. घाईत होतं असं.

ताई : उलटी लावली तर पडसाद एकमेकांच्या अंगावर पडून नुसता लगदा होतो. इथे झालाय का? नाही. कारण वाजवणारा मधेच करंगळीनं गिटारवरचं आवाजाचं बटण खाली घेतोय. सूर बारीक झाला की फाटत नाही, पडसाद सुटे होतात. मग परत वर. हे असं करंगळीनं करणारा मी जन्मात एकच पाहिलाय, आणि तो माझ्या घरी जेवतो.

गायक : ताई, चिडणार नसशील तर सांगतो.

ताई : चिडणार. सांग.

गायक : बारक्याचं जुनं रेकॉर्डिंग पडून होतं. फार सुंदर होतं गं. तेच घेतलं.

ताई : आणि त्याचं नाव?

गायक : नाव नको म्हणाला.

ताई : म्हणजे त्याला माहीत आहे.

गायक : हो, म्हणजे... विचारलं होतं ना मी. फोनवर.

ताई : फोनवर? त्याचा एक कान गेलाय, दुसरा अर्धा गेलाय. शेजारी बसून मी ओरडते तेव्हा कुठे त्याला भाजी हवी का कळतं. आणि तुझं त्याला फोनवर ऐकू आलं?

गायक : मेसेज गं! फोनवर म्हणजे मेसेजवर. तू वकील का नाही झालीस?

ताई : आठ वर्षं माझ्या भावाच्या शेजारी उभा राहून गायलास. त्याचं वाजवणं उचलून वर त्याचं नाव गाळलं असशील ना, तर या दुकानात परत पाऊल टाकू नकोस.

गायक : एवढं वाईट समजतेस मला?

ताई : अजून ठरवते आहे. आता सुरुवात लाव. गिटार सुरू व्हायच्या आधीचं. आवाज वाढव.

गायक : तिथे काहीच नाहीये. शांतता आहे.

ताई : शांतता नाही. घरघर आहे. घर्र, आणि मध्ये एक टिक. ऐकलंस?

गायक : जुना अ‍ॅम्प आहे. घरघरणारच.

ताई : माझ्या हातचा पहिला अ‍ॅम्प आहे तो. बारक्या पंधरा वर्षांचा असताना त्याला करून दिलेला. तेव्हा मला मागचा लूप बसवता येत नव्हता, म्हणून त्यानं डबी पुढे लावली आणि तीच खोड लागली. पुढे मी भोकं पाडून लूप दिला, तर त्यावर त्यानं चिकटपट्टी मारली. तो अ‍ॅम्प कधी घरघरला नाही. घरघर लागली गेल्या महिन्यात. दुकानातलं हे कपाट आवरताना माझ्या हातून तो पडला, तेव्हा. मी नीट केला नाही. म्हटलं, आता वाजवणार कोण आहे?

गायक : गेल्या महिन्यात?

ताई : बारक्यानं गिटार सोडून आठ महिने झाले. आणि तुझं जुनं रेकॉर्डिंग महिन्याभराच्या आतलं आहे. बोल ना आता. गळ्यानं गाणारा माणूस तू!

गायक : ताई, कपाट उघडू नकोस.

(ताई कॅलेंडरमागच्या खिळ्यावरची किल्ली काढून कपाट उघडते.)

ताई : या गोधड्या इथे कुणी आणल्या? चारही बाजूंनी! या माझ्या घरातल्या आहेत. मी धोब्याशी भांडले यांच्यावरून!

गायक : आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. माईकही आतच ठेवतो आम्ही. तू दुपारी जेवायला घरी गेलीस की येतो. चार दुपारी लागल्या त्या गाण्याला.

ताई : मला सांगतो लायब्ररीत जातो. मी त्याचं ताट झाकून ठेवते! आणि तू? डॉक्टरांनी मोठा आवाज बंद सांगितला, म्हणून मी इथे आठ महिने कानाला हेडफोन लावून अ‍ॅम्प तपासते. त्याचा उरलेला अर्धा कान राहावा म्हणून. आणि तू त्याला इथे आणून बसवलंस?

गायक : तो कपाटाबाहेर बसतो. कानांवर ते जाड झाकण लावून, अनवाणी. पाय कपाटाच्या फळीला टेकवून. पायानं ऐकतो गं. डबी मागे लावून बघितली आम्ही. पडसाद विरत जातात, त्याला पायाला लागत नाहीत. पुढे लावली की सगळे सारख्या जोरानं येतात. मग तो मोजतो आणि वाजवतो.

ताई : आणि कान? तो काय पायाला लावून घेणार आहे? दोन महिन्यांपूर्वी नव्या डॉक्टरकडे गेला होता. मी येते म्हटलं तर नको. कागद दाखव म्हटलं तर हरवला. तेव्हाच मला वास आला होता.

गायक : कागद माझ्याकडे आहे.

ताई : तुझ्याकडे?

गायक : तुला सापडू नये म्हणून दिलाय. ताई, बस जरा. दुसरा कानही जाणार आहे. वर्षाच्या आत. वाजवलं तरी जाणार, नाही वाजवलं तरी जाणार.

ताई : कोण म्हणतं?

गायक : कागदावर आहे. आवाजानं झालेलंच नाही ते. तुमच्या वडिलांना होतं तेच आहे.

ताई : बाबा पन्नाशीत बहिरे झाले. हा तिशीचा आहे रे.

गायक : हो. पण तुझ्या अ‍ॅम्पनं नाही गेला कान. ते तू मनातून काढ. बारक्याला ठाऊक आहे तुला काय वाटतं ते.

ताई : ठाऊक आहे तर सांगितलं का नाही मला?

गायक : हे सांगायचं तर दुसरा कान जाणार तेही सांगावं लागलं असतं. म्हणाला, ताई रडेल, दुकान बंद करून माझ्याजवळ बसून राहील. मला कुणी जवळ बसायला नकोय, मला गाणी पुरी करायची आहेत. नाव नको म्हणाला तेही म्हणूनच. नाव वाचलं असतंस तर तू लगेच कपाट उघडलं असतंस.

ताई : नाव न वाचताही उघडलंच की.

गायक : तुझ्यापुढे आमचं काय चालणार?

ताई : तो स्क्रू ड्रायव्हर दे. आणि अ‍ॅम्प जरा पुढे ओढ.

गायक : का?

ताई : आतला काचेचा व्हॉल्व्ह सैल झालाय, दुसरं काय. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या भावाच्या गाण्यात माझ्या हातची घरघर नको.

गायक : नको ताई. राहू दे ती. अ‍ॅम्प चालू झालाय हे त्याला त्या घरघरीवरूनच कळतं. पाय टेकवतो, हसतो आणि मग सुरू करतो.

ताई : हसतो?

गायक : दर वेळी.

ताई : ...बरं. राहू दे मग.

गायक : त्याला सांगू का, तुला कळलंय म्हणून?

ताई : अजिबात नको. डोळे पुसायला काहीतरी दे. ते तेलाचं फडकं नको, मूर्खा! किती गाणी राहिलीत?

गायक : सहा.

ताई : सहा गाणी, आणि दुपारी दीड ते तीन. कशी व्हायची? उद्यापासून मी पाचला परत येईन.

गायक : आणि त्यानं विचारलं, इतका वेळ कुठे असतेस, तर?

ताई : सांगेन, लायब्ररीत जाते.