बिगरतालाची सून

…आन् परत लोक मलाच इचारतात, घरात कुणी कसं दिसंना हो तुमच्या? आता काय सांगू? पडेगावात आमच्याएवढं गजबजलेलं घर नव्हतं. सासरे सूर्यभानमामा ढोलावर बसले की खंडोबाची जत्रा हालायची, आत्याबाई म्हंजे सासूबाई ओव्या म्हणायच्या, आन् मी? मला कुठं ताल कळतो? लग्नात सगळ्यांच्या टाळ्या एक, माझी मागून. तवाच आत्याबाई म्हणल्या, बद्रीनाथा, बायको बिगरतालाची आणलीस.

बद्रीनाथ म्हंजे आमचे हे. ह्यांनी मोबाइलवर कुठल्या तरी बेटावरच्या जटावाल्यांचं गाणं ऐकलं, रेगे म्हणतात त्याला, आन् आणली गिटार. मामांना समजावतात कसं, ठोक्यावर मारायचं नाय दादा, दोन ठोक्यांच्या मधी मोकळी जागा असती ना, तिथं मारायचं. मामा मग म्हणले, "आरं, तिथं तर आपुन श्वास घेतो."

झालं भांडण. हे पुण्याला गेले, मी तवा पोटुशी.

तिथं ह्यांनी आत्याबाईच्याच ओव्या त्या उलट्या ठोक्यावर म्हणल्या, लोक यडे झाले, पोस्टरवर फोटो, आज गोवा, उद्या बंगळूर… मामा म्हणले, आणतो धरून, आन् एस्टीत बसले. पोराला धरून आणायला ढोल कशाला लागतो, तुम्हीच सांगा. आठ दिवसांनी फोन, सूनबाई, ह्याला माझ्याबिगर जमंना. मग म्हाताऱ्याला आणायला आत्याबाई गेल्या, त्या आता लाल-पिवळ्या उजेडात माइकपुढं उभ्या असतात. मला कुणी ये म्हणलं नाय. म्हणतील कशाला? मला कुठं ताल कळतो?

फोन येतो, नाय म्हणत नाय. पण ठेवतात स्पीकरवर, दोन वाक्यं झाली की तिकडं तालीम सुरू, मी इकडून हॅलो हॅलो, आन् तिकडून ढोल… तरी ठेवत नाय मी. तेवढाच घरात आवाज.

राहिलं पोरगं, सोनाजी. आता कुठं बसाय लागलंय. त्याच्यापुढं मी टाळीसुद्धा वाजवत नाय, हातात ताल आला की गेलंच म्हणून समजा. देवाला म्हणते, नाक मामांचं दे, रंग आत्याबाईचा दे, पण हात माझे दे.

काल असाच फोन, असाच ढोल, आन् पोरगं उलथन्यानं परात बडवतंय. बघते तर काय, ह्याचा ठोका ढोलाबरोबर पडतच नाय. दर वेळी मागून. मला इतका आनंद, म्हणलं माझ्यावरच गेलं, राहिलं माझं पोरगं माझ्यापाशी… मुके घ्यायला उचलणार, तर तिकडं ढोल थांबला.

"सूनबाई, मधल्या जागंत कोण वाजवतंय?"

पोराच्या हातातलं उलथनं काढून घेतलं मी. म्हणलं, "मीच की मामा. परात घासतेय."

मग ह्यांनी फोन घेतला, स्पीकर बंद केला, किती महिन्यांनी नुस्ता ह्यांचा आवाज, आन् हळूच म्हणतात, "येतीस का इकडं? उद्या गाडी धाडतो."

व्हय म्हणून बसले ना मी! आता काय, पोरगं मागं पदराखाली वाजवंल, आन् पुढं उभी राहून मी परात घाशीन.