धुणारे हात आणि पुसणारे हात

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी ज्येष्ठ, बंधू विल्मर डीटर, प्रांताकडून मुद्दाम आलेले दोन्ही वडील, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते उपदेशक बंधू ऑर्विल फ्लोरी आणि त्यांच्या पत्नी भगिनी लोरेटा, आणि समोर बसलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मी एस्टा ब्रुबेकर. प्रीतिभोजाचं स्वयंपाकघर तेवीस वर्षं माझ्याकडे आहे. बोलायची सवय नाही, पण विल्मर म्हणाले, दोन चांगले शब्द बोल. ते आधी बोलून टाकते. अकरा वर्षांत कुणाच्या घरी आजारपण आलं आणि लोरेटा तिथं पोहोचली नाही, असं झालं नाही.

आता बाकीचं.

फ्लोरी कुटुंब नदीपलीकडच्या मंडळीतून आलं. तिकडे प्रीतिभोजात, जेवणाआधी एकमेकींचे पाय धुताना, जी धुते, तीच पुसते. आपल्याकडे एक धुते आणि मागून दुसरी टॉवेल घेऊन येते, ती पुसते. शास्त्र एक, उताराही एकच. ते म्हणतात, प्रभूंनी शिष्यांचे पाय धुतले आणि पुसले, दोन्ही कामं एकट्यानं केली. आपण म्हणतो, एकमेकांचे धुवा असं सांगितलं, तर त्यात जास्त हात लागायला हवेत. बाहेरच्याला हसू येईल. पण यावरूनच आपल्या आजोबांच्या पिढीत सख्खे भाऊ वेगळ्या सभागृहांत बसू लागले, हे कसं विसरायचं?

म्हणून मी लक्ष ठेवलं. पाळतच म्हणा ना! बंधू ऑर्विल उपदेशात "दोन्हीकडची माणसं" म्हणाले की माझे कान टवकारायचे. नदीपलीकडून कुणी पाहुणा आला की वाटायचं, हा आपली बाकं मोजायला आलाय.

गेल्या वसंतातल्या प्रीतिभोजात लोरेटानं माझे पाय धुतले. टॉवेल घेऊन व्हर्डा गार्बर पुढे झाली. लोरेटानं तिच्या हातून टॉवेल घेतला आणि स्वतःच पुसले. व्हर्डा तिथंच उभी. नंतर मला म्हणाली, "अगं, मी काय टॉवेल टांगायची खुंटी आहे?"

आठवड्याभरात मंडळीच्या वडिलांना निनावी पत्र गेलं, की फ्लोरी नवराबायको आपली चाल मोडायला आले आहेत. चौकशी झाली. लोरेटा फक्त म्हणाली, "हो, मी पुसले." ऑर्विलनी उपदेशकाचं काम सोडलं, म्हणून आजचा हा निरोप. आणि पत्र कुणाचं? सगळ्यांनी व्हर्डाकडे पाहिलं, कारण अपमान तिचा झाला होता. गोधड्या शिवायच्या बैठकीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मी समोर बसून टाके घालत होते.

पत्र मी लिहिलं होतं.

बसा विल्मर, माझं अजून संपलं नाही.

आज सकाळी लोरेटा माझं पातेलं परत द्यायला आली. माझ्या मनातला संशय तसाच होता. मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

"मुद्दामच. दहा वर्षं तुमच्या पद्धतीनं धुतले. एकदा माझ्या मनाला पटतं तसं करावंसं वाटलं."

"मग माझेच पाय सापडले?"

"तुम्ही सोडणार नाही, हे ठाऊक होतं. वाटलं, दुसऱ्या दिवशी दारात येऊन भांडाल. कॉफी करून ठेवत होते, एस्टा. तीन दिवस."

कुणाचं चुकलं असं वाटलं, तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय. बाप्तिस्म्याला पाण्यात उतरण्यापूर्वी आपण प्रत्येकानं त्याला होकार दिलाय. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे या अध्यायाचा अर्थ एकच लावतात. नेमका तोच मी मोडला.

माझं मत बदललेलं नाही. धुणारी वेगळी आणि पुसणारी वेगळी, हेच मला शास्त्रात दिसतं. लोरेटा गोड बोलून मला वळवायला बघेल, तर मी आजही सावध आहे. पण प्रांताच्या वडिलांनी हे लिहून घ्यावं: तो सही नसलेला कागद माझा होता. आता त्यावर माझी सही घ्या, आणि फ्लोरींना जाऊ द्यायचं की नाही, हे मंडळीला पुन्हा विचारा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मी आता आत भांडी घासायला जाते आहे. एकेकानं या आणि तोंडावर सांगा.

व्हर्डा, पहिली तू ये.