माझं काहीच न्हाई

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. वकील आहे मी, पुरावा लागतो मला.

राहुरीकडचा एक पक्षकार होता. शेजाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता, पण कोर्ट फी भरणं जिवावर आलेलं. निर्धन माणसाला फी माफ होते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्यासाठी आपल्या मालकीचं काय काय आहे, ते शपथेवर लिहून द्यावं लागतं. बायकोला घेऊन तो सावेडीला माझ्या ऑफिसात आला.

"आणि गाई?" मी विचारलं. "मघाशी तर दुधाचं सांगत होतात."

"त्या माझ्या न्हाईत. लिहा मॅडम, या जगात माझं असं काहीच न्हाई."

बायको हळूच म्हणाली, "अहो, असं म्हनू नये."

खोटं अंगाशी येईल म्हणून मीही बजावलं. तरी पठ्ठ्याने सही ठोकली.

आठवड्याभरात परत आला, एकटाच, तोंड पार उतरलेलं.

"अर्ज मागं घ्या मॅडम. सगळी फी भरतो."

"का हो?"

"गाई जवळ येऊ देईनात. घरचं कुत्रं अंगावर येतंय. काल बायकोनं दारातच इचारलं, कोन पायजे?"

"भांडला असाल," मी वैतागून म्हणाले आणि त्याच्यासमोरच तिला फोन लावला. "ताई, तुमचे मालक इथं बसलेत."

"कोन मालक, मॅडम? त्या दिवशी तर मी एकटीच आल्ते तुमच्याकडं."

मी फोन ठेवला, पर्स उचलली आणि त्याला म्हणाले, "उठा. कोर्ट बंद व्हायच्या आत फी भरू."