एका घरचा बाक

चर्चचं दार कित्येक महिन्यांनी उघडलं होतं. लोक मास्क बांधून, अंतर राखून रांगेत उभे होते, आणि दाराशी अंगद ताप मोजून जागा सांगत होता. रांगेतल्या प्रेमलाबाईंच्या पुढंच मार्थाबाई आणि त्यांना आत्याबाई म्हणणारी त्यांची विधवा सून एस्तेर उभ्या. एस्तेर कोविडच्या वॉर्डात आया होती, म्हणून सासूपासून वेगळी, मस्तगड भागात खोली करून राहायची. प्रेमलाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"सलाम, मावशी. एका घरच्यांनी एका बाकावर बसायचं, बाकीच्यांनी बाक सोडून. तुम्ही दोघी एका घरच्याच ना?"

"तिला विचार."

"आत्याबाईलाच विचारा, दादा. आजार घरात आणू नको म्हणाल्त्या मला."

"तव्हा वॉर्ड चालू होता. बंद होऊन महिना झाला की."

"तुम्ही बोलावलंच न्हाई."

"आपल्या घरी यायला बोलावणं लागतं का? रोज दोन भाकरी जास्त थापून राह्यले मी. गल्लीतलं कुत्रं फुगून बसलं."

"मावशी, मागं रांग हाय. एक बाक का दोन?"

"आज दोन. देवाच्या दारात खोटं बोलून शिरत न्हाई मी."

"बरं, आत्याबाई. मी मागं बसते."

"बस. पण खोलीची किल्ली दे इकडं."

"कशाला?"

"उपासना झाली की तुझं सामान आणायचं हाय. मधीच निसटशील तू."

एस्तेरनं पदराची गाठ सोडून किल्ली सासूच्या हातावर ठेवली. अंगदनं सॅनिटायझरची बाटली उचलून मार्थाबाईंच्या तळहातावर धरली.

"किल्लीवर बी टाक," त्या म्हणाल्या.