हंगामातला शेवटचा शनिवार

हॅनोव्हरच्या बसस्टॉपवर माझ्या मागे एक सासरे आणि त्यांची सून बोलत होते. बेसबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना नुकताच संपला होता.

“आजपण हरलो, बाबा.”

“पुढच्या वर्षी हाच संघ वर येणार, सुरुची. बघ तू.”

“वीसपैकी चारच सामने जिंकलेत त्यांनी.”

“असू दे. तुझ्या सासूबाई गेल्यापासून मी घराबाहेर पडत नव्हतो. तू मला इथं आणलंस, मैदानावर नेलंस. मला ना जर्मन येत होतं, ना खेळ कळत होता. तरी त्या लोकांनी दर शनिवारी माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली.”

“एप्रिलमध्ये परत सुरू होतील सामने.”

“मी तर मंगळवारी पुण्याला चाललो. एप्रिलला बोलावशील का मला?”

“मार्चचं तिकीट काढलंय, बाबा.”

“मग सरावपण बघायला मिळेल.”