उंबरदांडीची वाट

आजच्या सभेच्या अध्यक्षा उन्नतीताई, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे मेहुलशेठ, मच्छीमार सोसायटीचे सभासद आणि बोईसर-तारापूरहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

नामदेवदादा होडी कायमची ओढून ठेवताहेत, आणि त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. मी साधा शाळामास्तर. समुद्र मला दादांनी दाखवला.

काही वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या उंबरदांडीच्या किनाऱ्यावर होड्या लावायला असलेली सरकारी बंदी उठली. पण खडकांच्या भीतीनं तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. दादा म्हणाले, "मास्तर, वारा बरा हाय. येता?" शिडाची लहानशी होडी, आम्ही दोघंच. खडकांपाशी अडकलो, तेव्हा किनाऱ्यावर राहणारी नवसीबाई कमरेइतक्या पाण्यात आली आणि हातानं वाट दाखवू लागली. मग तिनं आम्हाला नागलीची भाकर वाढली. त्यानंतर दादा तिकडे जातच राहिले; कधी तिच्यासाठी मीठ-तेल घेऊन, कधी चार पाहुणे घेऊन. त्या पाहुण्यांत एकदा मेहुलशेठही होते. शेठ, आठवतं ना? ती भाकर तुम्हीही खाल्लीत.

पुढे तिथे शेठांचं रिसॉर्ट झालं, धक्का झाला. नवसीबाईचं झोपडं कुंपणामागे गेलं, गाडीरस्ता फाटकाच्या आत गेला. सुरक्षिततेचं कारण सांगून लहान होड्यांना मनाई झाली. सरकारनं उघडलेला किनारा पुन्हा कुणी बंद केला, हे सत्काराच्या कार्यक्रमात विचारू नये. मी विचारत नाही.

गेल्या दिवाळीनंतर नवसीबाई तापानं फणफणली. तिच्या मुलीचा, मंगळीचा, फोन आला. दादा निघाले, मीही सोबत होतो. धक्क्यावर रखवालदारानं अडवलं. दादांनी हात जोडले. "बाय आजारी हाय, तिला न्यायला आलो. मी वर येत नाय, तिला खाली आणा."

"साहब से पूछना पड़ेगा," तो म्हणाला.

साहेबांचा होकार आला, नवसीबाईला खाली होडीत आणलं, तोवर ओहोटी लागली होती. होडी चिखलात रुतली. पाण्याची वाट पाहत आम्ही बसलो, आणि नवसीबाईनं मंगळीच्या मांडीवर प्राण सोडला.

परतताना दादा एवढंच बोलले, "मास्तर, शेठला तिकडची वाट आपणच दावली ना?" त्या दिवसानंतर दादांनी पुन्हा शीड उभारलं नाही.

समोरची शाल शेठांच्या कंपनीकडून आली आहे. ती दादा घेणार नाहीत; तसं सांगायला त्यांनी मला उभं केलंय. मंगळी मघापासून मागे दाराशी उभी आहे. अध्यक्षांना विनंती, आधी तिला बसायला खुर्ची द्यावी.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमी पडलं असेल तर क्षमा असावी. जास्त बोललो, असं मला वाटत नाही.