तीन टिंबं आन् रोडगे

आमचा शेषराव गावाच्या ग्रुपवर दर घडीले नुसते तीन टिंबं धाडते, बाकी काईच नाई. मी वैतागलो. सून प्रोग्राम लिहिते, तिले म्हटलं, "हे टिंबं आपोआप पुसून टाक." तिनं प्रोग्राम लावला.

मंग म्या ग्रुपवर साऱ्याइले वावरात रोडगे खायाचं आवतन धाडलं. रोडगे भाजले, वांग्याची भाजी शिजली, पन कुत्रं फिरकलं नाई.

सून म्हणे, "मामाजी, प्रोग्राममधी टिंब म्हंजे कोणतंबी अक्षर. खरं टिंब पाह्यजे त त्याच्या आंधी तिरपी रेघ मारा लागते. थे मी विसरली. साऱ्याइचेच मेसेज पुसले गेले, तुमचाबी."

तेवढ्यात बाजूच्या वावरातून शेषराव आला.

"तुले कोनं सांगितलं बे?"

"सांगाले कायले पाह्यजे? धूर दिसला."

रोडग्यावर रोडगा हानून वरतून मलेच म्हणते, "एवढं रांधलं, त चार मानसाइले आवतन द्याले काय झालतं बे तुले?"